विश्लेषण : हायरॉक्समध्ये ‘सब-९०’चा हट्ट कितपत वास्तववादी? स्वतःचे लक्ष्य कसे ठरवावे?

मे २०२५ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को केंद्रात भारतातील पहिली हायरॉक्स शर्यत झाली. त्यानंतर मुंबई-पुण्यातील जिममध्ये मॅरेथॉनच्या बरोबरीने या शर्यतीची चर्चा होऊ लागली. नाव नोंदवले की पहिला प्रश्न येतो, ‘टार्गेट किती?’ आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, ‘सब-९०’, म्हणजे ९० मिनिटांच्या आत. हा आकडा अनेकदा स्वतःच्या सरावातून नव्हे, तर मित्राच्या निकालातून किंवा समाजमाध्यमांवरील रीलमधून आलेला असतो. अशा उसन्या आकड्यामागे धावताना शर्यत अर्ध्यावर फसते, कधी दुखापतही होते. मग आपल्या ताकदीला साजेसे लक्ष्य ठरवायचे कसे?

हायरॉक्स म्हणजे नेमके काय?

जर्मनीतील क्रीडा आयोजक क्रिस्टियान टोएट्झके आणि हॉकीतील ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता मॉरिट्झ फ्युर्स्टे यांनी २०१७ मध्ये हॅम्बर्ग येथे हायरॉक्सची सुरुवात केली. धावणे आणि ताकदीचे व्यायाम यांचा मेळ असल्याने अशा शर्यतींना ‘हायब्रिड’ म्हटले जाते. आराखडा जगभर सारखाच असतो. एक किलोमीटर धावायचे, मग एक व्यायाम (स्टेशन) पूर्ण करायचा आणि हे आठ वेळा करायचे. स्टेशनांचा क्रमही ठरलेला आहे. स्कीअर्ग यंत्रावर १००० मीटर, वजनांनी लादलेली स्लेड ५० मीटर ढकलणे, दोराने स्लेड ५० मीटर ओढणे, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप, रोइंग यंत्रावर १००० मीटर, दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चालणे (फार्मर्स कॅरी), खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस आणि शेवटी १०० वॉल बॉल. जगातील अव्वल पुरुष हे सारे ५५ मिनिटांच्या आत संपवतात. हौशी स्पर्धकांना साधारण दीड तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

गट निवडताना काय पाहावे?

लक्ष्य ठरवण्याची पहिली पायरी वेळ नव्हे, गट आहे. वैयक्तिक शर्यतीत ‘ओपन’ आणि ‘प्रो’ असे दोन गट असतात. अंतरे तीच, पण वजनांत मोठा फरक असतो. पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड तिच्या स्वतःच्या वजनासह १५२ किलोची असते, तर प्रो गटात २०२ किलोची. महिलांसाठी हेच आकडे १०२ आणि १५२ किलो आहेत. वॉल बॉलचा चेंडू ओपनमध्ये पुरुषांसाठी सहा आणि महिलांसाठी चार किलोचा, तर प्रोमध्ये अनुक्रमे नऊ आणि सहा किलोचा असतो. त्यामुळे ओपनमधील ९० मिनिटे आणि प्रोमधील ९० मिनिटे यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुहेरी गटात दोघांनाही पूर्ण आठ किलोमीटर एकत्र धावावे लागते, फक्त स्टेशनवरील काम वाटून घेता येते. चौघांच्या रिलेमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोमीटर आणि दोन स्टेशन येतात. म्हणून दुहेरीतील वेळेवरून ‘एकट्याने इतक्यात होईल’ असा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. अर्धे वॉल बॉल टाकून दम खाणे वेगळे आणि शंभरच्या शंभर स्वतः टाकणे वेगळे. ज्यांना सलग पाच-सहा किलोमीटर धावण्याची सवय नाही त्यांच्यासाठी रिले आणि धावता येते पण ताकद कमी पडते त्यांच्यासाठी दुहेरी, ही सुरुवात अधिक शहाणपणाची आहे.

९० मिनिटांचेच आकर्षण का?

पूर्णांकांची भुरळ ही मानवी सवय आहे. एरिक अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात जवळपास एक कोटी मॅरेथॉन निकालांचा अभ्यास मांडला. चार तासांसारख्या ठळक वेळेच्या अगदी आत शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी दिसते आणि ती रेषा ओलांडताच संख्या घटते, असे त्यात आढळले. म्हणजे गोल आकडा शेवटच्या टप्प्यात जोर लावायला मदत करतो. मात्र हे घडते ते त्या आकड्याच्या आसपास पोहोचण्याची क्षमता असलेल्यांच्या बाबतीत. ज्याची तयारी १०५ मिनिटांची आहे, त्याला ९०चा आकडा बळ देत नाही. तो पहिल्या २० मिनिटांत त्याला चुकीच्या वेगात ओढतो.

ध्येयनिश्चितीवरील मानसशास्त्रीय संशोधनही हेच सांगते. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार ‘जमेल तितके करा’ यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय अधिक चांगली कामगिरी घडवते. पण त्याला अट आहे, ती क्षमता आणि कौशल्य अंगी असण्याची. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर आधी निकालाचे नव्हे, शिकण्याचे ध्येय ठेवणे अधिक उपयोगी ठरते, असे लॅथम यांच्या नंतरच्या संशोधनात दिसले. पहिली हायरॉक्स हे नेमके असेच काम असते.

शर्यतीतील वेळ कुठे जातो?

स्लेड आणि वॉल बॉलच्या चित्रफितींमुळे ही ताकदीची शर्यत वाटते. प्रत्यक्षात सर्वाधिक वेळ धावण्यात जातो. ‘फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ हौशी खेळाडूंची हायरॉक्ससारख्या चाचणीत मोजमापे घेतली गेली. धावण्यात स्टेशनांपेक्षा बराच अधिक वेळ गेला आणि ज्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चांगली, त्यांची एकूण वेळही चांगली होती. सर्वाधिक दमवणारे स्टेशन वॉल बॉल ठरले. ११ जणांच्या अभ्यासावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे. जिममध्ये डेडलिफ्ट १५० किलोची असली आणि धावण्याचा सराव नसला, तर घोडे किलोमीटरवरच अडते.

तिसरा हिस्सा अनेकांच्या हिशेबातच नसतो. धावण्याचा मार्ग आणि स्टेशन यांच्यामध्ये ये-जा करण्याच्या पट्ट्याला ‘रॉक्सझोन’ म्हणतात. तेथे घड्याळ थांबत नाही. पाणी पिणे, दम खाणे, आपले स्टेशन शोधणे यांत तेथे मिनिटे निघून जातात.

वेळेचे गणित प्रत्यक्षात कसे मांडायचे?

एकूण आकड्यापासून मागे येण्याऐवजी तुकड्यांपासून पुढे जावे. उदाहरणादाखल एक पुरुष स्पर्धक घेऊ. गट ओपन, ताज्या पायांनी पाच किलोमीटर २६ मिनिटे ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे १८ सेकंद. स्टेशननंतर धावताना त्याचा वेग किलोमीटरला ५ मिनिटे ४५ सेकंदांवर येतो, असे त्याने सरावात मोजले आहे. त्याचा हिशेब असा :

धावणे (आठ किलोमीटर) – ४६:००
स्कीअर्ग – ४:५०
स्लेड ढकलणे – ३:००
स्लेड ओढणे – ५:००
बर्पी ब्रॉड जंप – ५:३०
रोइंग – ५:००
फार्मर्स कॅरी – २:१५
लंजेस – ५:००
वॉल बॉल – ७:००
रॉक्सझोन – ७:००

बेरीज येते ९० मिनिटे ३५ सेकंद. ‘सब-९०’ फक्त ३५ सेकंदांवर आहे, असे वाटू शकते. पण हा सगळे काही मनासारखे झाले तरचा आकडा आहे. प्रत्येक किलोमीटर १५ सेकंदांनी मंदावला तर दोन मिनिटे वाढतात. वॉल बॉलमध्ये हात आणि मांड्या भरून आल्या तर आणखी दोन मिनिटे. एकूण वेळ ९४:३५ वर जाते. म्हणजे या स्पर्धकाचे वास्तववादी लक्ष्य ९१ ते ९५ मिनिटांचा पट्टा हे आहे आणि ९० हे चांगल्या दिवसाचे स्वप्न.

आता त्याने मित्राचे पाहून ८५ मिनिटांचा हट्ट धरला तर? त्याला साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ वाचवावी लागेल. ती सगळी धावण्यातून काढायची म्हटली, तर किलोमीटरला सुमारे ४२ सेकंद कमी करून ५:०३ चा वेग लागतो. हा वेग त्याच्या ताज्या पायांच्या पाच किलोमीटरच्या वेगापेक्षाही जास्त आहे. कागदावर ही बेरीज मांडली की हट्ट आणि लक्ष्य यांतील फरक लगेच दिसतो.

थकल्यानंतरचा वेग कसा ओळखायचा?

या गणितातील सर्वात महत्त्वाचा आकडा म्हणजे स्टेशननंतरचा धावण्याचा वेग. तो व्यक्तीगणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा घेऊन चालत नाही. तो मोजण्याची सोपी रीत आहे. एक किलोमीटर धावा, लंजेस किंवा स्लेडचे एक स्टेशन पूर्ण करा, लगेच पुन्हा एक किलोमीटर धावा. असे चार फेरे करा. पहिल्या आणि चौथ्या किलोमीटरमधील फरक नोंदवा. फरक दहा-पंधरा सेकंदांचा असेल, तर निवडलेला वेग टिकणारा आहे. तो ४५ सेकंदांवर गेला, तर सुरुवातच जास्त वेगाने झाली आहे. ही चाचणी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी करावी. शेवटच्या आठवड्यात पूर्ण शर्यतीची रंगीत तालीम केली तर थकवा घेऊनच मैदानात उतरावे लागते.

जिममधील आकडेही पारखून घ्यायला हवेत. शर्यतीत स्लेड कार्पेटवरून सरकवावी लागते आणि घर्षण वाढले की तेच वजन दुप्पट वाटू लागते. गुळगुळीत टर्फवर केलेल्या सरावातील वेळ तेथे कामी येत नाही. वॉल बॉलमध्ये कंबर गुडघ्याच्या खाली गेली नाही किंवा चेंडू ठरलेल्या उंचीवर लागला नाही, तर पंच ती फेक मोजत नाहीत. सरावात अर्धवट बैठका मारून पाच मिनिटांत संपवलेले वॉल बॉल शर्यतीत आठ मिनिटे घेऊ शकतात.

एकच लक्ष्य पुरेसे का नाही?

एकाच आकड्यावर सगळे पणाला लावले, की तो हुकणार असे चौथ्या-पाचव्या स्टेशनवर कळताच उरलेली शर्यत मनाने सोडून दिली जाते. म्हणून लक्ष्याचे तीन थर ठेवावेत. पहिला, सगळे जुळून आल्यासची वेळ. दुसरा, सरावातील आकड्यांवरून येणारा पट्टा. तिसरा, दिवस वाईट असला तरी हातात राहणारी गोष्ट, म्हणजे शर्यत नीट पूर्ण करणे.

याच्या जोडीला वेळेशी संबंध नसलेली, पूर्णपणे आपल्या ताब्यातील दोन-तीन ध्येये असावीत. पहिले दोन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात धावायचे नाहीत. रॉक्सझोनमध्ये चालायचे नाही, हळू का होईना पण पळायचे. वॉल बॉल दम संपेपर्यंत न टाकता सुरुवातीपासूनच १५ किंवा २०च्या गटांत टाकायचे आणि मध्ये मोजून पाच श्वास घ्यायचे. पहिल्या शर्यतीसाठी तर अशीच ध्येये मुख्य असावीत. निकालातील वेळ ही पुढच्या शर्यतीसाठीची पहिली खरी नोंद समजावी.

शर्यत सुरुवातीलाच कशी हातची जाते?

संगीत, गर्दी आणि पहिल्या किलोमीटरचे ताजे पाय यांमुळे बहुतेक जण ठरवलेल्यापेक्षा वेगाने सुटतात. ‘आता वेळ कमावून ठेवू, पुढे कामी येईल’ असा विचार त्यामागे असतो. पण ही कमाई टिकत नाही. वेग सहनशक्तीच्या वर गेला की स्नायूंत थकवा झपाट्याने साचतो आणि दुसऱ्याच स्टेशनवर स्लेड समोर उभी असते. तेथे मांड्या जड झाल्या, की पुढची सहा किलोमीटर त्याची किंमत मोजावी लागते. पहिल्या किलोमीटरमध्ये वाचवलेले २० सेकंद सातव्या-आठव्या किलोमीटरमध्ये दोन-तीन मिनिटांनी फेडावे लागतात. पहिला किलोमीटर ‘फारच सोपा वाटतोय’ असे वाटत असेल, तर वेग बहुधा बरोबर आहे.

हवामान आणि ठिकाणाचा किती फरक पडतो?

मुंबईच्या दमट हवेत घाम येतो, पण तो लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. पुण्यात पहाटेच्या गारव्यात सराव करून मुंबईत शर्यत करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. सरावातील काही सत्रे दुपारी किंवा बंदिस्त जागेत घ्यावीत आणि तरीही लक्ष्याच्या पट्ट्यातील वरच्या टोकाची तयारी ठेवावी.

अंतरे सारखी असली तरी धावण्याच्या मार्गावरील वळणे, कार्पेटचे घर्षण, गर्दी आणि रॉक्सझोनची लांबी ठिकाणागणिक बदलते. मुंबईतील ९५ मिनिटे आणि दिल्ली किंवा परदेशातील ९२ मिनिटे यांवरून कोण सरस हे ठरवता येत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशीच्या, त्याच ठिकाणच्या आपल्या वयोगटातील स्थान पाहावे. ४०० जणांत २५०वा क्रमांक होता आणि पुढच्या वेळी तितक्याच स्पर्धकांत १८०वा आला, तर ती प्रगती आहे, घड्याळ काहीही सांगो.

दुसऱ्या शर्यतीत किती सुधारणा धरावी?

हायरॉक्सच्या निकालात प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक स्टेशन आणि रॉक्सझोनची वेळ स्वतंत्र मिळते. पुढचे लक्ष्य येथूनच निघते. आधी लवकर सुधारणारे भाग शोधावेत. रॉक्सझोनमधील रेंगाळणे, स्लेड ओढण्याची पद्धत, न मोजल्या गेलेल्या वॉल बॉल फेकी, सुरुवातीचा चुकीचा वेग यांत काही आठवड्यांत फरक पडतो. धावण्याची क्षमता मात्र महिन्यांच्या सातत्याने वाढते. तिथे घाई चालत नाही. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या शर्यतीत मोठी झेप दिसते, पुढे तीच सुधारणा मिनिटांऐवजी सेकंदांत येऊ लागते. ही घसरण नसून नियम आहे. पहिल्यांदा दहा मिनिटे कमी झाली म्हणून पुढच्या वेळीही दहा मिनिटे धरणे, येथेच अनेकांची निराशा सुरू होते.

दोन शर्यतींमध्ये अंतरही हवे. आठवड्यात तीन धावसत्रे, दोन ताकदीची आणि एक दोन्हींचा मेळ घालणारे, असा सराव नोकरी-संसार सांभाळून बहुतेकांना झेपतो. आठवड्याला तीनच तास मिळत असतील, तर लक्ष्यही तीन तासांच्या सरावाचेच असावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला येथे तंतोतंत लागू पडतो.

लक्ष्य केव्हा सोडून द्यावे?

छातीत दुखणे किंवा दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित वाटणे, उकाड्यातही अंगावर काटा येणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही जाणवले तर थांबून वैद्यकीय पथकाकडे जावे. तेव्हा किती मिनिटे उरली आहेत याला अर्थ नसतो. सवय नसताना अतोनात श्रम झाल्यास क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात तुटतात आणि त्यांतील घटक मूत्रपिंडांवर ताण आणतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. शर्यतीनंतर एक-दोन दिवसांत स्नायूंत असह्य वेदना, सूज किंवा कोलाच्या रंगाची गडद लघवी दिसली, तर ‘अंग दुखणारच’ म्हणून घरी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे. शर्यतीआधी वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवयही धोक्याची आहे, कारण शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्यांतील काही गोळ्या मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी सरावाला लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तापातून किंवा संसर्गातून नुकतेच उठलेल्यांनी नोंदणीचे पैसे गेले तरी शर्यत पुढे ढकलावी. लक्ष्य कधी बदलायचे याचा निर्णय शर्यतीआधीच, शांत डोक्याने घेऊन ठेवला, तर ऐन गर्दीत आणि गोंगाटात तो पाळणे सोपे जाते.